वाचकांचे प्रश्न : शाळकरी वयात परदेशी भाषा

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. घरी अहिराणी, शाळेत मराठी, हिंदी, इंग्रजी. आता जपानी शिकायचं म्हणते. गोंधळ होणार नाही का? की जर्मन बरी?
– एक पालक, अमळनेर

उत्तर : गोंधळाची भीती काढून टाका. जी मुलगी आजीशी अहिराणीत आणि वर्गात बाईंशी मराठीत बोलते, तिला माणूस पाहून भाषा बदलायची सवय आहेच. घरातली अहिराणी त्यासाठी मुळीच बंद करू नका. खरी अडचण खंडाची असते. रविवारी दोन तास शिकायचं आणि मग सहा दिवस वहीच उघडायची नाही, असं केलं तर काहीच टिकत नाही. रोज २५ मिनिटं द्या : दहा मिनिटं ऐकणं, दहा मिनिटं मोठ्यानं म्हणणं, पाच मिनिटं लिहिणं. विजेचा आणि नेटचा भरवसा नसेल तर धडे मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा.

जपानीत कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद हा क्रम मराठीसारखाच, आणि विभक्तीचं काम नामामागून येणारे छोटे शब्द करतात. त्यामुळे वाक्यं लवकर जमतात, वेळ लिपीला लागतो. जर्मनची लिपी इंग्रजीमुळे ओळखीची, पण व्याकरण चिवट. आमच्या मते, जिचा शिक्षक सलग तीन वर्षं मिळेल ती भाषा घ्या. ऑनलाइन वर्गात आठ-दहापेक्षा जास्त मुलं नकोत. पैसे भरण्याआधी एक तास बसून पाहा आणि प्रत्येक मूल किती वेळा बोललं ते मोजा.

प्रश्न : मी सातवीत आहे. हिरागानाची (जपानीच्या मूळ लिपीची) अक्षरं पाठ होतात आणि आठवड्यात विसरतात. शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहून ठेवते, तरी वाचता येत नाही.
– एक विद्यार्थिनी, चाळीसगाव

उत्तर : ते देवनागरी उच्चारच आड येतात. डोळा ओळखीच्या लिपीकडे जातो आणि खालचं जपानी अक्षर न बघताच तू पुढे सरकतेस. आजपासून ते खोडून टाक. मूळ अक्षरं ४६ आहेत. रोज पाच घेतलीस तर दहा दिवसांत संपतात, पण रोज नवी पाच घेण्याआधी कालची आणि परवाची न बघता लिहायची. गणिताची चौकटीची वही घे, एका चौकटीत एक अक्षर, आणि रेघांचा क्रम पुस्तकात दिलाय तोच ठेव. क्रम चुकला की अक्षराचा तोल जातो आणि पुढे कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, जड जातात.

क्रम लक्षात ठेवायला तुझ्याकडे आयतं साधन आहे. जपानी मुळाक्षरांचा आ-का-सा-ता-ना-हा-मा हा क्रम भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातून तिकडे घडला. त्यात आ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर बसव, तक्ता तयार.

घोळ ठरावीक जागी होतो. ‘ने’, ‘रे’ आणि ‘वा’ एकसारखी दिसतात : ‘ने’च्या शेवटी गाठ असते, ‘रे’चं टोक बाहेर वळतं, ‘वा’चं आत. ‘रु’ला गाठ आहे, ‘रो’ला नाही. अशी अक्षरं एकाच दिवशी शिकू नकोस. एक पक्कं झाल्यावर चार दिवसांनी दुसरं घे. उच्चारात लांबीकडे लक्ष दे. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ऱ्हस्व-दीर्घ बोलताना सैल सोडायची आपली सवय इथे नडते, म्हणून टाळी वाजवत मात्रा मोज.

प्रश्न : जर्मनमधली तीन लिंगं कशी लक्षात ठेवायची?
– आठवीतला विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : नाम एकटं पाठ करायचंच नाही. ‘डेर’, ‘डी’ किंवा ‘डास’ हा नामाआधी येऊन लिंग दाखवणारा शब्द आणि अनेकवचन यांच्यासकट लिही. तीन लिंगांना तीन रंग. मराठी लिंग तिकडे नेऊ नकोस : सूर्य तिथे स्त्रीलिंगी आहे. ‘खेन’नं संपणारे लघुत्वदर्शक शब्द मात्र नेहमी नपुंसकलिंगी असतात, आपल्या ‘पोरगं’, ‘लेकरू’ यांसारखेच.

प्रश्न : शाळेत ‘जगातील संस्कृती’ दिवस करतो, पण तो पोशाख आणि पदार्थांपुरता उरतो. सातवीच्या तासाला काय करावं? वर्गात भिली, पावरी बोलणारी मुलंही आहेत.
– एक शिक्षिका, शहादा

उत्तर : देश दाखवण्याऐवजी एक दिवस दाखवा. चाळीस मिनिटं पुरतात. पहिली दहा मिनिटं मुलं आपल्या घरच्या भाषेत सकाळचा दिनक्रम पाच ओळींत लिहितील, देवनागरीत. मग फळ्यावर घड्याळं काढा : आपल्याकडे सकाळचे आठ, तेव्हा जपानमध्ये साडेअकरा, जर्मनीत उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार, हिवाळ्यात साडेतीन. तिकडचं मूल त्या वेळी काय करत असेल? जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, मुलं वर्ग स्वतः झाडतात, प्राथमिक शाळेत जेवण वर्गातच पाळीपाळीनं वाढतात. शेवटच्या दहा मिनिटांत एकच प्रश्न घ्या : आपल्या शाळेत हे केलं तर काय अडेल?

‘ते शिस्तीचे, आपण तसे नाही’ अशी वाक्यं आली की तिथेच थांबवा. त्यानं मुलं घरच्या गोष्टी लपवू लागतात. कानबाईच्या सणाचा रोट किंवा आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका परदेशी मुलाला कसा समजावाल, हेही लिहायला द्या. आणि भाषा म्हणजे एक देश नव्हे : फ्रेंच सेनेगलमध्ये, स्पॅनिश मेक्सिकोतही चालते.

प्रश्न : परीक्षा कधी द्यावी?
– एक पालक, जळगाव

उत्तर : दीड-दोन वर्षं सलग अभ्यास झाल्यावर. जपानीची एन-५ ही सर्वांत सोप्या पातळीची परीक्षा सगळी पर्यायी प्रश्नांची असते, बोलणं तपासतच नाहीत. ते शिक्षकानं वेगळं पाहावं. फ्रेंचच्या डेल्फ या परीक्षेत चार भाग प्रत्येकी २५ गुणांचे असतात, उत्तीर्ण व्हायला एकूण ५० लागतात आणि एकाही भागात पाचपेक्षा कमी चालत नाहीत. त्यामुळे तोंडीची तयारी टाळता येत नाही. एन-५चं केंद्र पुण्यात आहे. अर्ज काही महिने आधीच बंद होतात, तेव्हा रेल्वेचं आरक्षण अर्जासोबतच बघा.