वाळू गोळा करायचा छंद खरंच असतो का? त्यात बघण्यासारखं काय?

हो, असतो, आणि बघण्यासारखं भरपूर आहे, फक्त १० पट मोठं दाखवणारं भिंग हवं. मी स्वतः बरीच वर्षं जमवतोय म्हणून सांगतो, हवाईतल्या पापाकोलेआ किनाऱ्याची वाळू ऑलिव्हिन नावाच्या खनिजामुळे हिरवी असते, बेसाल्ट खडकाची काळी, आणि जपानमधल्या ओकिनावाकडच्या बेटांवर तर चक्क छोट्या चांदण्या सापडतात, ते दगडाचे कणच नाहीत, फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय समुद्री जीवांची कवचं आहेत. साधी वाळू कागदावर पसरा आणि खालून चुंबक फिरवा, मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे काळे कण केसांसारखे उभे राहतात, मी अजूनही ते बघत बसतो.

- दोन चमचे वाळू पुरते
- धुऊन पूर्ण वाळवूनच बाटलीत भरा, नाहीतर बुरशी येते
- जागा आणि तारीख लगेच लिहा, बिननावाची बाटली कशाच्याच कामाची नाही

फक्त कुठूनही उचलू नका, इटलीच्या सार्डिनिया बेटावर २०१७ च्या कायद्याने ५०० ते ३,००० युरो दंड आहे, हवाईतही नेऊ देत नाहीत, अशा ठिकाणचे नमुने जुन्या संग्राहकांकडून अदलाबदलीत मिळतात.