छाती सपाट झाली, मग पोट का सुटलं?

‘मॅडम, छातीतली चरबी काढली ती पोटावर गेली का हो?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला इतक्यांदा विचारला जातो, की त्याचं उत्तर एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं. विचारणारे बहुतेक विशी-तिशीतले मुलगे असतात. गायनेकोमास्टियासाठी, म्हणजे पुरुषाच्या छातीवर स्तनांसारख्या होणाऱ्या वाढीसाठी, लायपोसक्शन (नळीनं चरबी ओढून काढण्याचं ऑपरेशन) करून घेतलेले. सर्जनला सगळं विचारून झालेलं असतं, पण धास्ती काही जात नाही.

सुजय असाच आला (नाव आणि काही तपशील बदलले आहेत). वय २७, पुण्यात आयटीत नोकरी. ऑपरेशनला नऊ महिने झालेले, छाती छान सपाट. मात्र वजन चार किलोंनी वाढलेलं आणि पँट कमरेला आवळायला लागलेली. ‘पैसे पाण्यात गेले. चरबीनं फक्त जागा बदलली,’ तो म्हणाला.

आधी शरीराचं बोलू. काढलेली चरबी गेली ती गेली, ती उठून पोटावर जात नाही. मोठेपणी शरीरातल्या चरबीच्या पेशींची संख्या साधारण कायम राहते; वजन वाढतं तेव्हा मुख्यतः असलेल्या पेशी फुगतात. छातीवरच्या पेशी कमी झाल्या, तर नवी भर जिथे पेशी शिल्लक आहेत तिथे जास्त दिसणार. छातीवर उरलेल्या पेशीही फुगू शकतातच. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०११मधल्या एका अभ्यासात लायपोसक्शन केलेल्या स्त्रियांच्या अंगावर वर्षभरात तेवढीच चरबी परत आली, पण मांड्यांऐवजी पोटाकडे. ब्राझीलमध्ये २०१२ साली दिसलं, की व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांच्या पोटाच्या आतली चरबी सहा महिन्यांत सुमारे १० टक्के वाढली. नियमित व्यायाम करणाऱ्यांची वाढली नाही. हे दोन्ही अभ्यास पुरुषांच्या छातीवरचे नाहीत, आणि छातीतून निघणारी चरबी तशी थोडीच असते. तरी व्यायामाचा धडा इथेही लागू पडतो असं मला वाटतं.

सुजयच्या चार किलोंचा हिशेब तर सरळ होता. जिम बंद, आई म्हणते ‘आराम कर’, आणि रोज सकाळी तुपातला शिरा. पुढे जिमची परवानगी मिळाली, तरी हा गेलाच नाही.

का गेला नाही, हे कळायला एप्रिल उजाडावा लागला. बाहेर रणरणतं ऊन, वर पंखा फुल, आणि हा घामानं निथळतोय. कॉलरच्या आत गळ्याशी एक घट्ट काळी पट्टी दिसली.

‘आत काय घातलंयस?’

‘प्रेशर वेस्ट. ऑपरेशननंतर छाती दाबून ठेवायला देतात ती.’

‘डॉक्टरांनी कधी काढायला सांगितली होती?’

‘सहा आठवड्यांनी.’

‘आणि काढली तर काय होईल?’

‘काही नाही होणार. माहितीये मला.’ बराच वेळ तो बोटातली अंगठी फिरवत राहिला. ‘पण काढली की मी परत आठवीतला होतो.’

आठवीत कबड्डीच्या सरावाला शर्ट काढल्यावर मुलांनी त्याची छाती चिमटीत धरली होती. सर हसले होते. तेव्हापासून पोहणं बंद, दप्तर कायम पुढे धरलेलं, खांदे आत. आणि घरी कुणालाच माहीत नसलेली गोष्ट अशी, की दोन चांगली स्थळं त्यानं नाकारली होती. हळदीला चारचौघांत उघडं बसावं लागेल म्हणून.

माणसाच्या इच्छेचा हुकूम झाला की तिचा जाच सुरू होतो, या धारणेवर माझं काम उभं आहे. ‘छाती सपाट असावी’ ही इच्छा. ‘ती जन्मभर, तसूभरही बदलता कामा नये, नाहीतर मी पुरुषच नाही’ हा हुकूम. सुजयच्या सगळ्या बोलण्यामागे हे दुसरं वाक्य होतं, आणि ते मला ऐकू आलं याचं समाधान आजही आहे. सर्जननं त्यांचं काम चोख केलं होतं. हुकूम मात्र जागच्या जागी होता. आधी तो छातीवर पहारा देत होता, आता पोटावरही.

ते वाक्य मी त्याला कागदावर लिहायला लावलं. वाचून तो म्हणाला, ‘हे तर त्या पोरांचं वाक्य आहे. मी कशाला सांभाळतोय?’

मग पुढचं काम वेगानं झालं. वेस्ट आधी घरी तासभर काढली, मग साध्या टीशर्टवर खाली किराणा दुकानात. कुणी पाहिलं का, याची नोंद त्यानंच ठेवायची. पानं कोरीच राहिली. आरसा दिवसातून एकदा, वजनकाटा आठवड्यातून एकदा. जिम सुरू झाली. चारातले दीड किलो अजून अंगावर आहेत आणि ते त्याला चालतात. हळदीबद्दल आईशी तो स्वतः बोलला.

ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांना सांगते: सूज पूर्ण उतरायला काही महिने लागतात, रोज चिमटीत धरून तपासू नका. दोन-चार किलोंनी सहसा केलेलं पुसलं जात नाही. एका बाजूलाच वाढ होतेय, कडक गाठ लागतेय, पाणी साठल्यासारखं वाटतंय, बोंडातून स्राव येतोय, तर मात्र थेट सर्जन गाठा. लायपोसक्शननं चरबी निघते, स्तनग्रंथीचा भाग पुष्कळदा वेगळा काढावा लागतो. तुमचा काढलाय का, हे विचारून घ्या. जिममधली स्टेरॉइड, काही औषधं, दारू यांनीही छाती वाढते, ते लपवू नका. आणि आरशासमोर तासन्‌तास जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांनाही एक विनंती. या वयात छाती थोडी वाढणं सर्रास दिसतं आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप उतरते. मुलगा पोहायला नको म्हणायला लागला, उन्हाळ्यात दोन-दोन शर्ट घालायला लागला, तर त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारा.