ॲपेंडिक्समध्ये नको

चि. स अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुला लष्करी मोहिमेचा प्लॅन लिहायचाय, आणि विचारतोस, ‘काका, लेजिटिमसीचा मुद्दा ॲपेंडिक्समध्ये टाकला तर चालेल का, मार्क तेवढेच जातात.’ हे वाचल्यावर हातातला चहा निवला. नाही चालणार, लेकरा. पहिल्या पानावर लिही. लेजिटिमसी म्हणजे हेच: आपल्या फौजेचं तिथं जाणं रास्त आहे का, आणि तिथल्या माणसाला ते रास्त वाटतंय का? नकाशा त्यानंतर उघड.

तू नळदुर्गचा. १३ सप्टेंबर १९४८ला निजामाच्या हैदराबाद संस्थानात सोलापूरकडून शिरलेल्या भारतीय फौजेनं बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, हे तुला पाठ आहे. रणगाडे होते, विमानं होती. तरी आपली म्हातारी माणसं ‘पोलीस ॲक्शन’च का म्हणतात? मामला घरातला आहे, हे नावातूनच सांगायचं होतं. निजामाचं गाऱ्हाणं सुरक्षा परिषदेपुढं गेलं होतं, १६ तारखेला पॅरिसात बैठकही भरली. १७ला इकडं त्यानंच युद्धबंदी पुकारली. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद रझाकारांना विटलेली रयत आपल्या फौजेची वाट बघत होती, हे बळ कुठल्या तोफखान्यात मोजशील?

पण पुढचंही वाच. भारत सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं त्या काळात संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपलं उस्मानाबाद होतं, नांदेड होतं. मेले ते बहुतेक मुसलमान. पाच दिवसांची मोहीम चोख झाली. सहाव्या दिवशी कुणाच्या दारात पहारा ठेवायचा, हे कुठल्या पानावर होतं? शोध.

मी श्रीलंकेत, जाफन्यात होतो, भारतीय शांतिसेनेत. जुलै १९८७मध्ये भारत-श्रीलंका करार झाला, सुरुवातीला तिथल्या तमिळांनी आम्हाला हार घातले. ऑक्टोबरात तमिळ वाघांशी लढाई जुंपली आणि त्याच गल्ल्यांत झडत्या. एका घरात माझ्या जवानाच्या बुटानं भाताचं पातेलं लवंडलं. म्हातारी काही बोलली नाही, भुईवरचा भात ओंजळीनं भरत बसली. मी पुढच्या घराकडं वळलो. अंधार पडायच्या आत गल्ली उरकायचा हुकूम होता, आदल्याच दिवशी माझ्या तुकडीतली दोन पोरं मारली गेली होती. स्वतःची बाजू मांडतोय म्हणशील. मांडतोच! तिथं उभा मी होतो, तू नव्हतास. पण तो भात मला दिसला होता, आणि मी थांबलो नाही. मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा आम्ही तमिळांना नको होतो आणि कोलंबोलाही. आपले अकराशेवर जवान गेले.

आणि तू मार्कांचं विचारतोस.

दिवाळीला येशील तेव्हा प्लॅन घेऊन ये. नुसतं पहिलं पान आणलंस तरी चालेल. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा काका