पोराची टाच दुखतेय? आधी दाबून बघा

ताई, ८ ते १४ वयात टाचेच्या मागची वाढीची कूर्चा (हाडाचा मऊ, वाढता भाग) कच्ची असते. हाड झपाट्याने वाढतं, पोटरीची वाढ मागे पडते, तिला टाचेशी जोडणारा स्नायुबंध कूर्चेला ओढतो. त्यात आपल्या सोलापूरच्या कडक मैदानावर अनवाणी खो-खो! टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबा. पोर कळवळलं तर बहुधा हेच दुखणं.

लंगडत असेल तर पळणं-उड्या बंद, सायकल चालेल. दोन्ही बुटांत टाचेखाली जेलची गादी, एकातच नको. भिंतीला हात टेकून, गुडघा सरळ, टाच जमिनीला ठेवून पोटरी ताणायची: ३० सेकंद, ३ वेळा, सकाळ-संध्याकाळ. झटके नकोत, त्याने ओढ वाढते. खेळानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं. तेल लावून रगडणं मात्र थांबवाच.

रात्री ठणका, सूज, लाली किंवा ताप असेल तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.