‘टंग-टाय’ म्हणजे नेमकं काय आणि हा शब्द आला कुठून?

भाचीच्या बाळाच्या केसपेपरवर डॉक्टरांनी ‘टंग-टाय’ लिहिलंय आणि घरातल्या आजी विचारतायत, "जीभ बांधली कोणी?" असं तुम्ही लिहिलंय. आजींनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

आरशासमोर जीभ टाळूला लावून बघा. खाली मधोमध एक पातळ पडदा ताणलेला दिसेल. तो सगळ्यांनाच असतो. काही बाळांचा जन्मतःच आखूड असतो किंवा पार टोकापर्यंत आलेला असतो. मग जीभ वर उचलत नाही, ओठांबाहेर नीट येत नाही. माझ्या धाकट्याला हेच होतं. जीभ बाहेर काढायला गेला की टोकाला खाच पडायची, पत्त्यातल्या बदामासारखी. सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या, "जीभ चिकटलीय पोराची." आमच्याकडे हाच शब्द.

इंग्रजीतही तसा साधाच शब्द: टंग म्हणजे जीभ, टाय म्हणजे बांधणं. डॉक्टरी नावं जास्त मजेशीर आहेत. त्या पडद्याला म्हणतात फ्रेन्युलम. लॅटिनमध्ये ‘फ्रेनम’ म्हणजे लगाम, आणि हा छोटा लगाम. आपण ‘जिभेला लगाम घाल’ म्हणतो, तो लगाम शरीरात आधीपासून आहेच! या दोषाचं नाव अँकिलोग्लॉसिया, ग्रीकवरून. ‘ग्लोसा’ म्हणजे जीभ, ‘अँकिलोस’ म्हणजे वाकडं, आखडलेलं. पाठीचा कणा आखडतो त्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या आजारातला अँकिलो तोच. त्याचं मूळ आणि आपल्या ‘अंकुश’चं मूळ एकच, वाकणं या अर्थाचं.

दोष जुनाच आहे. पहिल्या शतकात रोममध्ये वैद्यकावर लिहिणाऱ्या सेल्ससने जन्मापासून खाली जोडलेल्या जिभेबद्दल आणि ती कापून मोकळी करण्याबद्दल लिहून ठेवलंय. वर प्रामाणिकपणे हेही सांगितलंय की, एकाची जीभ कापल्यावर दातांच्या पुढे छान यायला लागली, पण बोलणं काही आलं नाही.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण ‘बांधलेली जीभ’ ऐकलं की घरात पहिली धास्ती बोलण्याचीच. प, ब, म तर ओठांचे, त्यांना जिभेचं टोक लागतच नाही. अडचण आलीच तर ल, र, ळ, ट यांत येऊ शकते, आणि बरीच मुलं तिथेही आपली वाट काढतात. तोतरेपणाचा याच्याशी संबंध नाही. तान्ह्या बाळाचा खरा प्रश्न दुधाचा: स्तन नीट तोंडात धरता येत नाही, आईला दुखतं, बाळाचं पोट भरत नाही. तिथे गरज पडली तर डॉक्टर तो पडदा जरासा कापतात. पण सरसकट कापायची घाई नको, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ च्या अहवालात सांगितलंय. म्हणून आधी पाजताना कोणा जाणकाराला दाखवा.

आणखी एक. इंग्रजीत घाबरून किंवा लाजून शब्द न फुटणाऱ्यालाही ‘टंग-टाइड’ म्हणतात. ती आपली बोबडी वळणं किंवा दातखीळ बसणं. नेटवर शोधताना दोन्ही एकत्र येतात, गोंधळू नका.

आमच्याकडे काही कापावं लागलं नाही. बाळाला धरायची पद्धत बदलली आणि दूध जमलं. आता तो सात वर्षांचा आहे. ‘काळे राळे, गोरे राळे’ एका दमात म्हणतो आणि मी अडखळले की हसतो.