डोळे मिटले तरी बोट नाकालाच कसं लागतं?

प्रश्न: डोळे बंद करूनही बोट बरोबर नाकावरच कसं जातं? लेकीने विचारलं आणि मला काही सांगताच येईना.

उत्तर: ताई, लेकीला आधी शाबासकी द्या, फार भारी प्रश्न आहे! आपल्या स्नायूंमध्ये बारीक सेन्सर असतात, स्नायू किती ताणलाय ते सतत मेंदूला कळवत असतात, त्यामुळे हात कुठे आहे हे न बघताही समजतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या जाणिवेला नाव दिलं, प्रोप्रिओसेप्शन.

ही जाणीव गेली तर काय होतं ते इयान वॉटरमन नावाच्या तरुणामुळे कळलं. १९७१ मध्ये, १९ वर्षांचा असताना, आजारपणानंतर त्याची मानेखालची स्पर्शाची आणि ही जाणीव गेली. स्नायू ठणठणीत, हालचालीच्या नसा पण ठीक, तरी साधं उठून बसता येईना, कारण हातपाय कुठे आहेत हेच मेंदूला कळत नव्हतं. मग पठ्ठ्या प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघून, मनात ठरवून करायला शिकला आणि चक्क चालायलाही लागला, मला तर हे वाचून आजही भरून येतं. पण लाइट गेले की तो कोसळायचा.