बेरूतचा स्फोट अणुबॉम्बचा होता का? आधी धूर बघा, मग माणसं

तुमचा भाचा रामबागेतल्या घरी जेवता जेवता लेबनॉनच्या राजधानीतल्या, बेरूतच्या स्फोटाचा व्हिडिओ दाखवून म्हणाला, "एवढा मोठा स्फोट, वर मशरूमसारखा ढग, म्हणजे छोटा अणुबॉम्बच, सगळे लपवताहेत." त्याला काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंत. मी नीमचकडच्या चुनखडीच्या खाणींत २२ वर्षं ब्लास्टिंग केलंय, आता इंदुरातच असतो. जरा सविस्तर लिहितो.

४ ऑगस्ट २०२० च्या त्या स्फोटात बंदरातल्या गोदामातलं अमोनियम नायट्रेट उडालं; तिथे सुमारे २,७५० टन ठेवल्याची नोंद होती. ते आमचं रोजचं सामान. साबुदाण्यासारखे पांढरे दाणे, ओल्या हाताला गार लागतात. डिझेल चोळायचं आणि खडकात पाडलेल्या भोकात, म्हणजे होलमध्ये, भरायचं. मिश्रण जमलेलं आणि होल कोरडं असेल तर धूर पांढुरका, राखाडी. पावसाळ्यात होलमध्ये पाणी शिरलं किंवा डिझेल कमी पडलं, की लोट नारिंगी-तांबूस निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. एका ऑगस्टमध्ये असा लोट वाऱ्याने आमच्याकडेच वळला. ओले रुमाल तोंडावर दाबून पळालो, तरी माझा हेल्पर रात्रभर खोकत होता. तो रंग मी विसरू शकत नाही. बेरूतचा व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा बातमीत अजून कारण आलं नव्हतं, पण आग विझल्यासारखी होऊन जो विटकरी ढग वर चढला तो बघून मी बायकोला म्हटलं, हे नायट्रेट आहे.

पण एकट्या रंगावर निकाल देऊ नका. अणुस्फोटाच्या ढगातही सुरुवातीला तांबूस झाक असते, कारण तिथे प्रचंड उष्णतेने हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. रंगावरून नुसता संशय घ्यायचा. निकाल लागतो तो उजेडावर आणि माणसांवर.

हवेत झालेल्या अणुस्फोटाची साधारण एक तृतीयांश ऊर्जा उजेड आणि उष्णता म्हणून बाहेर पडते. धक्का पोचायच्या आधीच जवळच्यांची उघडी कातडी भाजते. शिवाय तो उजेड दोनदा चमकतो: पहिली चमक एका मिलिसेकंदाच्या आत, मग क्षणभर मंद, मग पुन्हा लांबलेली. धक्क्याची लाट सुरुवातीला इतकी तापते की आतला आगीचा गोळाच झाकून टाकते, म्हणून मधे तो मंदपणा येतो. नायट्रेटला हे जमत नाही. बेरूतमध्ये लोक बाल्कनीत उभे राहून आगीचं चित्रीकरण करत होते. त्यांनी ढग फुगताना पाहिला, आणि मग धक्क्याने खाली पडले. उजेडाने भाजलेलं कुणी नव्हतं. दोनशेच्या वर माणसं गेली, सहा हजारांहून अधिक जखमी झाले, आणि त्या जखमा मुख्यतः काचांच्या आणि ढिगाऱ्याच्या होत्या. किरणोत्साराने आजारी पडलेले रुग्ण नव्हते.

भाच्याला बहुधा तो पांढरा घुमट फसवतोय. १९४६ मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर केलेल्या अणुचाचणीच्या फोटोंतही तसाच दिसतो, म्हणून घोटाळा होतो. समुद्रकाठची हवा दमट असते. धक्क्याच्या मागे दाब झपकन उतरतो, हवा गार पडते आणि वाफेचं धुकं होतं. थंडगार सोड्याची बाटली फोडली की तोंडाशी येतं ना, तसंच. क्षणात विरतं. मशरूमसारखा ढग तर कुठलाही तापलेला मोठा लोट वर चढला की होतो.

आता आकार. बेरूतचा अंदाज अर्धा ते एक किलोटनाचा (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढा जोर), हिरोशिमाचा पंधरा. १९१७ चा कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा जहाजस्फोट साधारण तीन किलोटनांचा, म्हणजे बेरूतपेक्षा कितीतरी मोठा. आपल्या मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं, त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. धक्का शिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला, सोन्याच्या विटा उडून लोकांच्या घरांवर पडल्या. माझे आजोबा तेव्हा गिरगावात होते, खिडक्यांच्या काचांची गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत सांगितली. जगातली पहिली अणुचाचणी झाली १६ जुलै १९४५ ला. नुसता आकार बघून अणुबॉम्ब म्हणायचं, तर मुंबईचं काय करायचं?

उलट अणुस्फोट लहानही असू शकतो. ऑक्टोबर २००६ मध्ये उत्तर कोरियाची चाचणी किलोटनापेक्षाही कमी होती. ती खरी की जमिनीत नुसतं टीएनटी उडवलं, असा वाद झाला. मग सुमारे दोन आठवड्यांनी कॅनडात, यलोनाइफच्या केंद्रावर, झेनॉन-१३३ सापडला. अणू फुटल्यावर तयार होणारा हा किरणोत्सारी वायू कशालाच चिकटत नाही, खडकाच्या फटींतूनही निघतो आणि सव्वापाच दिवसांत निम्मा उरतो, म्हणजे सापडला तर तो ताजाच. उघड्या हवेतल्या स्फोटात तर हे लपवणं फार अवघड. बेरूतचा आवाज दोनशे किलोमीटरवरच्या सायप्रसपर्यंत गेला, आजूबाजूच्या देशांत मापकयंत्रं आहेत, तरी असं काहीच कुणी नोंदवलं नाही.

खरं लपलेलं वेगळंच आहे. तो नायट्रेटचा माल २०१३ मध्ये जहाजातून आला, २०१४ पासून गोदामात पडून होता. आमच्या मॅगझिनला, म्हणजे स्फोटकांच्या कोठाराला, दुहेरी कुलूप असायचं, एकेका डेटोनेटरची रजिस्टरमध्ये सही व्हायची, एक कमी भरला तर रात्री घरी जाता येत नसे. म्हणून बेरूतला कुणी अणुबॉम्ब म्हटलं की मला खरोखर त्रास होतो, कारण मग त्या सहा वर्षांबद्दल कुणीच विचारत नाही. इंदूरपासून फार लांब नाही, १२ सप्टेंबर २०१५ ला पेटलावदला भर वस्तीत साठवलेल्या जिलेटिनच्या कांड्यांनी सत्तरहून अधिक माणसं नेली. तिथे अणूची गरज पडली नाही.

भाच्याला तो व्हिडिओ थांबवत थांबवत दाखवा, घुमट विरल्यावर जो रंग उरतो तिथे थांबा. रविवारी मी घरीच असतो, त्याला घेऊन या. पावसाळी ब्लास्टचे माझ्याकडचे जुने फोटो शेजारी ठेवून बघू.